डुकरिणीच्या आहारातील ‘गरज’ : प्रथिन-मानकांचे परीक्षण

१

पशुपोषणशास्त्रात ‘गरज’ हा शब्द जितक्या सहजतेने वापरला जातो, तितक्या काळजीने तो तपासला जात नाही. गाभण डुकरिणीला रोज अमुक ग्रॅम लायसिन लागते, पिल्लांना पाजणाऱ्या डुकरिणीच्या आहारात अमुक टक्के प्रथिन असावे, अशी विधाने कोष्टकांतून वाचावयास मिळतात. त्यांवरून अभ्यासकाचा सहज असा समज होतो की, उंची किंवा वजन यांप्रमाणे ही संख्याही त्या प्राण्याच्या अंगचा एखादा गुणधर्म असावा. वस्तुतः तसे नाही. कोष्टकातील प्रत्येक आकडा हे एका प्रश्नाचे उत्तर असते आणि तो प्रश्न बहुधा कोष्टकात छापलेला नसतो. गरज कशासाठी? अधिक पिल्लांसाठी, पिल्लांच्या जलद वाढीसाठी, डुकरिणीचे अंग न झडावे म्हणून, की आहारावरील खर्च कमी व्हावा म्हणून? प्रश्न बदलला की उत्तर बदलते.

पैदाशीच्या डुकरिणीवरील प्रथिन व ॲमिनो आम्ले यांविषयीच्या संशोधनाचे परीक्षण याच दृष्टीने करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात व गोव्यात ही मानके बाहेरून आलेली आहेत. ज्या डुकरिणींवर ती बेतली गेली त्या डुकरिणी, त्यांचे खाद्य आणि त्यांच्या पालकांची परिस्थिती ही सर्व येथील परिस्थितीहून भिन्न आहेत. म्हणून ती टाकून द्यावीत असे नव्हे. परंतु ती कोणत्या प्रश्नाची उत्तरे आहेत, हे ओळखल्यावाचून त्यांचा उपयोग करू नये, एवढे निश्चित म्हणता येईल.

२

आहारातील नायट्रोजन मोजून त्यास ६.२५ ने गुणावे आणि येणाऱ्या संख्येस ‘स्थूल प्रथिन’ म्हणावे, ही पद्धत जुनी व सोयीची आहे. तिचा दोष असा की, ती नायट्रोजन मोजते, प्रथिनाचा दर्जा मोजत नाही. १९३५ साली डब्ल्यू. सी. रोझ व त्यांचे सहकारी यांनी थ्रिओनिनचा शोध लावला, आणि प्राण्याला ‘प्रथिन’ नव्हे तर विशिष्ट ॲमिनो आम्ले लागतात, हा विचार पक्क्या पायावर उभा राहिला. डुकराच्या बाबतीत लायसिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन, मेथिओनिन, व्हॅलिन, ल्यूसिन, आयसोल्यूसिन, फेनिलॲलनिन व हिस्टिडिन ही ॲमिनो आम्ले आहारातूनच मिळावी लागतात. आर्जिनिन शरीरात काही अंशी तयार होते. तथापि गाभणपण व दूध देण्याचा काळ यांत ते पुरेसे होतेच असे नाही.

या दोन मोजमापांतील अंतर आपल्याकडील परिचित खाद्यांच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. मक्यात सुमारे साडेआठ टक्के स्थूल प्रथिन व पाव टक्का लायसिन असते. शेंगदाण्याच्या पेंडीत सुमारे ४२ टक्के प्रथिन असते, परंतु त्या प्रथिनात लायसिनचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपासच असतो. सोयाबीनच्या पेंडीत सुमारे ४५ टक्के प्रथिन असून त्यात लायसिनचा वाटा सहा टक्क्यांहून थोडा अधिक असतो. आता ८० भाग मका व २० भाग शेंगदाण्याची पेंड असे आंबोण केले, तर त्यात १५ टक्क्यांहून थोडे अधिक प्रथिन व सुमारे ०.४९ टक्के लायसिन येते. पेंड सोयाबीनची वापरल्यास प्रथिन जवळजवळ १६ टक्के, म्हणजे किंचित अधिक, होते. लायसिन मात्र सुमारे ०.७६ टक्के होते. स्थूल प्रथिनाच्या रकान्यात ही दोन आंबोणे सख्खी भावंडे दिसतात. पिल्लांना पाजणाऱ्या डुकरिणीच्या दृष्टीने मात्र एक पुरते पोषण आहे व दुसरे अर्धपोटी. महाराष्ट्रात सोयाबीनचे पीक रूढ होण्यापूर्वी शेंगदाण्याची पेंड हाच प्रथिनाचा मुख्य व सुलभ आधार होता. त्या काळी केवळ स्थूल प्रथिनावर विसंबून केलेल्या शिफारशींचे फळ काय मिळाले असेल, याचा अंदाज या साध्या गणितावरून करता येतो.

३

या त्रुटीवर उपाय म्हणून ‘आदर्श प्रथिन’ ही कल्पना पुढे आली. ब्रिटनच्या कृषी संशोधन परिषदेने १९८१ साली डुकरांच्या पोषणाची जी मानके प्रसिद्ध केली, त्यांत तिला अधिकृत स्थान मिळाले. लायसिन हे शंभर धरावे व इतर ॲमिनो आम्ले त्याच्या प्रमाणात मांडावीत, अशी ही मांडणी आहे. तिचे श्रेय मोठे आहे. एका आम्लाची गरज निश्चित झाली की उरलेल्यांची प्रमाणाने काढता येते. अतिरिक्त प्रथिन घालून पैसा व नायट्रोजन वाया घालविण्याचे कारण उरत नाही. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये जंतूंच्या साहाय्याने ॲमिनो आम्ले तयार करण्याचे तंत्र सिद्ध झाले आणि पुढे शुद्ध लायसिन आवाक्यात आले. त्यामुळे ही कल्पना कागदावरून गोठ्यात उतरू शकली.

तथापि, वाढत्या डुकरासाठी जे प्रमाण योग्य तेच पैदाशीच्या डुकरिणीस लागू पडावे, ही समजूत फार काळ टिकली. वाढते डुक्कर मुख्यतः मांस बनविते. गाभण डुकरीण गर्भ, गर्भवेष्टने व कास घडविते. पाजणारी डुकरीण दूध बनविते आणि त्यासाठी स्वतःचे स्नायूही वितळविते. या तीन कामांचा कच्चा माल एक नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या मानकांत ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली आहे. गाभणपणाचे ११४ दिवस एकसारखे न मानता नव्वदाव्या दिवसापूर्वीचा व नंतरचा असे दोन भाग तेथे केले आहेत. पहिलटकरणीसाठी पचनीय लायसिन पहिल्या भागात रोज सुमारे १०.६ ग्रॅम, तर दुसऱ्या भागात सुमारे १६.७ ग्रॅम धरले आहे. या विभागणीस आधारही भक्कम आहे. २००४ साली मॅकफर्सन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या मापनांनुसार गर्भाच्या अंगी साठणारे प्रथिन सुमारे सत्तराव्या दिवसापर्यंत दर गर्भामागे रोज पाव ग्रॅम असते आणि नंतर ते साडेचार ग्रॅमांच्या वर जाते. म्हणजे वाढ सुमारे अठरा पटींची. गाभणपणाच्या आरंभापासून अखेरपर्यंत एकच आंबोण मोजून घालणारा पालक पहिल्या काळात प्रथिन वाया घालवितो आणि नेमके जेव्हा हवे तेव्हा हात आखडता घेतो.

पाजण्याच्या काळाचे कोष्टक अधिकच बोलके आहे. तेथे लायसिनचे एकच प्रमाण दिलेले नाही. पिल्लाची रोजची वाढ १९०, २३० किंवा २७० ग्रॅम अपेक्षित धरून वेगवेगळी प्रमाणे दिली आहेत. ती सुमारे ०.७ ते ०.९ टक्क्यांच्या दरम्यान पडतात. म्हणजे मानक तयार करणाऱ्यांनी स्वतःच मान्य केले आहे की, गरज ही डुकरिणीची नसून अपेक्षेची आहे. दुर्दैवाने पाठ्यपुस्तकांत व प्रचारपत्रकांत हे कोष्टक येते तेव्हा अपेक्षेचा रकाना गळून पडतो आणि मधला आकडा तेवढा उरतो. दोष कोष्टकाचा नव्हे, ते उतरवून घेणाऱ्यांचा आहे.

४

‘कशासाठी?’ या प्रश्नाचे महत्त्व सर्वांत तीव्रतेने जाणवते ते डुकरिणीच्या स्वतःच्या शरीराचा हिशेब मांडताना. कॉर्नेल विद्यापीठातील पाँड व सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाभण डुकरिणींच्या आहारातून संपूर्ण गाभणपणात किंवा त्याच्या काही भागात प्रथिन काढून घेतले होते. तरीही त्या विल्या व जिवंत पिल्ले जन्मास आली. मात्र त्यांचे जन्मवजन घटले व पुढील वाढही मागे पडली. केवळ पिल्लांची संख्या मोजणाऱ्या संशोधकाने हा प्रयोग पाहिला असता, तर ‘गाभणपणी प्रथिनाची फारशी गरज नाही’ असा निष्कर्ष त्याने बेधडक काढला असता. संख्या टिकली ती आईने आपल्या अंगचे प्रथिन दिले म्हणून. माप चुकीचे निवडले की त्याग अदृश्य होतो.

पाजण्याच्या काळात हा त्याग आणखी वाढतो. क्लोज, फॉक्सक्रॉफ्ट व सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पहिलटकरणींना पाजण्याच्या काळात वेगवेगळे प्रथिन देऊन त्यांच्या अंगच्या प्रथिनातील घट सुमारे ७, ९ व १६ टक्के अशी घडवून आणली होती. पहिल्या दोन गटांत फारसा फरक दिसला नाही. १६ टक्के घटलेल्या गटात मात्र पिल्लांची वाढ मंदावली व बीजांडकोशातील पुटकांचा विकासही खुंटला. यावरून अंगच्या प्रथिनापैकी ९ ते १२ टक्क्यांपर्यंतची झीज डुकरीण सोसते आणि त्यापुढे तिचे शरीर दूध व पुढची वीण या दोहोंतून माघार घेते, असा सर्वसाधारण निष्कर्ष निघतो.

या निष्कर्षाचे मोल केवळ आकड्यात नाही. आजवर गाभणपण, पाजणे व पुन्हा माजावर येणे यांचा अभ्यास तीन वेगळ्या प्रकरणांत होत आला आहे. हा प्रयोग ती एकच साखळी असल्याचे दाखवितो. दूध तोडल्यावर साधारण चार ते सात दिवसांत माजावर येणारी डुकरीण जेव्हा लांबते, किंवा दुसऱ्या वेतात पहिल्यापेक्षा कमी पिल्ले देते, तेव्हा दोष बहुधा वराला, ऋतूला किंवा नशिबाला दिला जातो. त्याचे मूळ मात्र महिनाभरापूर्वीच्या आंबोणाच्या टोपलीत असण्याचा संभव अधिक असतो.

याच सूत्राचा दुसरा पैलू किम, बेकर व ईस्टर यांनी २००१ साली मांडला. डुकरीण अंगचे प्रथिन मोठ्या प्रमाणावर वितळवीत असेल, तर लायसिननंतर थ्रिओनिन अपुरे पडू लागते. ती भरपूर खात असून अंग झडत नसेल, तर लायसिननंतर व्हॅलिनचा क्रमांक लागतो. म्हणजे आदर्श प्रथिनाचे प्रमाण स्थिर नाही. डुकरीण किती खाते व किती झडते, यावर ते हलत राहते. आदर्श या शब्दातच जी स्थिरता सूचित होते, तिला या संशोधनाने मूलतः छेद दिला आहे.

आपल्या हवामानात याचे महत्त्व विशेष आहे. पाजणाऱ्या डुकरिणीस २२ ते २५ अंश सेल्सिअसच्या पलीकडील उष्णता जाचक होते व तिचे खाणे घटते. वैशाखातील पुण्यात अशी स्थिती दिवसाचे कित्येक तास असते. खाणे घटले की झीज वाढते आणि थ्रिओनिनचा प्रश्न पुढे येतो. अशा वेळी स्थूल प्रथिन वाढविणे हा सुचणारा पहिला उपाय चुकीचा ठरतो. कारण वापरात न येणारे प्रथिन मोडून त्याचा युरिया करताना शरीरात आणखी उष्णता निर्माण होते. प्रथिन बेताचे ठेवून उणी पडणारी ॲमिनो आम्ले शुद्ध स्वरूपात पुरविणे, हाच मार्ग शास्त्राला धरून आहे.

५

संशोधनाच्या या क्षेत्रात उत्साहाचा अतिरेकही आढळतो. २००७ साली मॅटिओ व सहकाऱ्यांनी टेक्सासमध्ये केलेल्या प्रयोगात पहिलटकरणींच्या आहारात गाभणपणाच्या तिसाव्या दिवसापासून एक टक्का आर्जिनिन हायड्रोक्लोराइड मिसळले असता जिवंत जन्मलेल्या पिल्लांत दर वेतामागे सुमारे दोनची वाढ आढळली. आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड व पॉलिअमाइने तयार होतात व त्यांमुळे वारेतील रक्तप्रवाह वाढतो, ही कारणमीमांसा पटण्याजोगी आहे. तथापि, नंतरच्या सर्व प्रयोगांत हा लाभ दिसून आला नाही.

याचे एक कारण संख्याशास्त्रीय आहे व पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ते नीट ध्यानात घ्यावयास हवे. डुकरिणीच्या वेतातील पिल्लांची संख्या मुळातच फार चंचल असते; तिचे प्रमाण-विचलन अडीच ते तीन पिल्लांचे असते. अशा स्थितीत एका पिल्लाचा खरा फरक भरवशाने पकडावयाचा असेल, तर प्रत्येक गटात शंभर ते दीडशे डुकरिणी लागतात; दोन पिल्लांचा फरक पकडावयास पंचवीस ते पस्तीस. उपरोक्त प्रयोगात एकंदर ५२ पहिलटकरणी होत्या. म्हणजे फरक मोठा असेल तरच तो दिसू शकेल, अशी ती रचना होती. गटात सहा-आठ डुकरिणी घेऊन ‘पिल्लांच्या संख्येत लक्षणीय फरक आढळला नाही’ असे लिहिणारा प्रबंध वस्तुतः काहीच सांगत नसतो. तो आहाराविषयी नव्हे, तर गटाच्या लहानपणाविषयी बोलत असतो. आपल्या संस्थांना शेकडो डुकरिणी मिळणे दुरापास्त आहे. म्हणून जन्मवजन, पिल्लांची वाढ, डुकरिणीच्या पाठीवरील चरबी व अंगाची झीज, दूध तोडल्यापासून माजापर्यंतचे दिवस अशी कमी चंचल मापे त्यांनी निवडावीत, हेच शहाणपणाचे.

६

आता या मानकांना येथील भूमीवर आणून पाहिले पाहिजे. पुण्या-मुंबईच्या परिसरात हॉटेले व खाणावळी यांच्या उष्ट्या-खरकट्यावर डुकरे पोसण्याची रीत जुनी आहे. कैकाडी, वडार आदी समाजांतील कित्येक कुटुंबांच्या उपजीविकेचा तो एक भाग राहिला आहे. उष्ट्यात ‘सगळेच’ असते, म्हणून ते संतुलित, असे मानण्याची प्रवृत्ती आढळते. ती तपासावयास शनिवार पेठेसारख्या जुन्या वस्तीतील शाकाहारी खाणावळीचे ताट घ्यावे. पूर्ण ताटात पोळी-भाताच्या तृणधान्यातील लायसिनची उणीव वरण-आमटी भरून काढते आणि डाळीतील मेथिओनिनची उणीव तृणधान्य भरून काढते. परंतु डुकरिणीकडे ताट जात नाही; ताटात उरलेले जाते. वरण वाटीतून संपते, पोळीचे तुकडे, भात व बटाट्याची भाजी मागे राहते. माणसाच्या जेवणातील पूरकता नेमकी उष्ट्यातून गाळली जाते.

समजा, असे १२ किलोग्रॅम उष्टे एका डुकरिणीला रोज मिळाले. त्याचा चौथा भाग कोरडा अंश धरल्यास ३ किलोग्रॅम. त्यात दहा टक्के प्रथिन धरल्यास ३०० ग्रॅम. आणि प्रथिनात साडेतीन टक्के लायसिन धरल्यास साडेदहा ग्रॅम. पचनातील तूट सोडली, तर गाभणपणाच्या पूर्वार्धासाठी मानकात दिलेल्या आकड्याच्या ही संख्या जवळपास येते. उत्तरार्धासाठी ती अपुरी आहे. पाजण्याच्या काळात पिल्लांच्या एकत्रित वाढीच्या दर किलोग्रॅममागे सुमारे २६ ग्रॅम लायसिन लागते, असा सर्वमान्य हिशेब आहे. दहा पिल्ले रोज प्रत्येकी २०० ग्रॅम वाढावयाची, तर ही मागणी ५२ ग्रॅमांची होते. सहा पिल्ले प्रत्येकी १२० ग्रॅम वाढावयाची, तर सुमारे १९ ग्रॅम. पहिली मागणी उष्ट्यावर भागणे सर्वथा अशक्य, कारण पाण्याने फुगलेले तेवढे खाद्य पोटात मावणारच नाही. दुसरी मागणी मात्र मूठ-दोन मूठ सोयाबीनच्या पेंडीच्या जोडीने बरीचशी भागते. संकरित डुकरीण आणून तिला उष्ट्यावर ठेवणाऱ्या पालकाचे नुकसान का होते आणि गावठी डुकरीण त्याच उष्ट्यावर का टिकते, याचे उत्तर येथे आहे. गावठी डुकरीण ‘निकृष्ट’ नसून तिची मागणी तिच्या अन्नाशी जुळलेली आहे.

गोव्याकडे वळल्यास चित्र बदलते. तेथील परसातील डुकरिणीला पेज, तांदळाचा कोंडा व स्वयंपाकघरातील अवशेष यांच्या जोडीला मासळीचे टाकाऊ भाग मिळतात. मासळीच्या प्रथिनात लायसिन व मेथिओनिन दोन्ही विपुल असतात. म्हणजे ‘उष्टे’ हा एकच शब्द दोन प्रांतांत दोन भिन्न ॲमिनो आम्ल-रचनांना लावला जातो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नोंदविलेली ‘अगोंदा गोवन’ ही जात याच परसातील आहारावर घडली आहे. अशा जातीचे मूल्यमापन मोठ्या विदेशी जातींच्या कोष्टकाने करणे म्हणजे कोकणातील होडी महासागरी जहाजाच्या मापाने मोजण्यासारखे आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. २०२० साली आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग ईशान्य भारतात प्रथम आढळला व नंतर इतर राज्यांतही पसरला. न शिजविलेले उष्टे, विशेषतः त्यातील डुकराचे मांस, हा त्याच्या प्रसाराचा एक प्रमुख मार्ग आहे. म्हणून उष्ट्याचे पोषणमूल्य कितीही असो, ते नीट उकळल्यावाचून देणे घातक होय.

७

एकंदरीत पाहता, गेल्या अर्धशतकातील संशोधनाने स्थूल प्रथिनाकडून ॲमिनो आम्लांकडे, एका आकड्याकडून टप्प्यांकडे आणि स्थिर प्रमाणाकडून चल प्रमाणाकडे असा निःसंशय प्रगतीचा प्रवास केला आहे. त्याची मर्यादा त्याच्या गृहीत प्रश्नात आहे. तो प्रश्न भरपूर खाणारी, पुष्कळ पिल्ले देणारी व थंड कोठीत राहणारी डुकरीण समोर ठेवून विचारला गेला. तिच्याकरिता उत्तरे बरोबर आहेत.

येथील विद्यापीठांपुढील काम ती उत्तरे घोकण्याचे नसून आपला प्रश्न मांडण्याचे आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील डुकरांची संख्या सुमारे ९० लाखांवर उतरली होती. २०१२ मध्ये ती एक कोटीहून अधिक होती. अशा घटत्या धंद्यात लहान पालकाच्या हाती टिकून राहील असा आहार कोणता, हे ठरविण्यासाठी प्रथम उष्टे, कोंडा, पेंड व मासळीचे अवशेष यांचे ऋतूनुसार व गावानुसार पृथक्करण झाले पाहिजे. त्यानंतर डुकरीण प्रत्यक्षात किती खाते याचे मापन. आणि शेवटी कोष्टक. आजवर हा क्रम बहुधा उलटा चालला आहे. आधी कोष्टक आले आणि मग डुकरिणीला त्यात बसविण्याचा प्रयत्न झाला.

आणि माप निवडताना एका वेताची पिल्ले नव्हे, तर डुकरिणीचे संपूर्ण उत्पादक आयुष्य हे एकक मानावे लागेल. पहिल्या वेतात दहा पिल्ले देऊन दुसऱ्या वेतापूर्वीच विकावी लागणारी डुकरीण आणि सहा-सहा पिल्लांची पाच वेते देणारी डुकरीण यांपैकी कोणाची ‘गरज’ भागली, हा प्रश्न कोष्टक सोडवीत नाही. तो पोषणशास्त्रज्ञाला विचारपूर्वक सोडवावा लागतो.